हिब्रू आले म्हणजे वाद मिटला?

मसीहाविषयीच्या भविष्यांवर यहुदी आणि ख्रिस्ती यांचा वाद जवळजवळ दोन हजार वर्षे चालू आहे. त्याविषयी सुशिक्षितांत एक समज पक्का बसला आहे: हा सगळा भाषांतराचा घोळ, मूळ हिब्रू उघडले की निकाल लागेल. दोन्ही पक्षांचे कैवारी हेच म्हणतात. निकाल आपल्याच बाजूने लागेल, अशी प्रत्येकाची खात्री. हा पूर्वपक्ष टिकत नाही, आणि त्याविरुद्धचा पुरावा आपल्या दाराशी आहे.

मुळशीहून ताम्हिणी घाट उतरले की पुढे रोहे, रेवदंडा, अलिबागपर्यंतचा मुलूख बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाचा होता. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. शब्बाथ आणि सुंता त्यांनी टिकवली होती, हिब्रूचे वाचन मात्र मागे पडले होते. ते शिकवायला मिशनरी पुढे आले. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मूळ ग्रंथ वाचता आला की ख्रिस्त आपोआप पटेल, ही मिशनची आशा. घडले उलटे. समाजाने विद्या घेतली. धर्म बदलणारे मोजकेच निघाले. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हग्गादा १८७४ मध्ये खुद्द पुण्यात मराठी अर्थासह छापला गेला.

कोणी म्हणेल, हा सामाजिक हट्ट झाला, अर्थनिर्णय नव्हे. मग वचनच तपासू. होशेयाच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभी देव इस्राएलाला पुत्र म्हणतो आणि त्याला मिसरातून बाहेर काढल्याची आठवण देतो. हग्गादा सांगतो तीच ही कथा, घडून गेलेली. मत्तय मात्र दुसऱ्या अध्यायात हे वचन बाळ येशूच्या मिसरवासाला लावतो. इथे एकाही शब्दावर तंटा नाही. होशेय मागचे बोलतो आहे, हे ख्रिस्ती पंडितही मान्य करतात. पण इस्राएलाच्या चरित्रात ते ख्रिस्ताची पूर्वछाया पाहतात. कोशाने सुटावी अशी ही गाठ नव्हे.

दुसरे उदाहरण मलिद्याचे. पोहे, खोबरे, गूळ आणि फळांचे ताट मांडून बेने इस्राएल घरांत एलियाहू हन्नबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, स्मरण होते. परमेश्वराच्या महान दिवसाआधी तो येईल, असे मलाखी शेवटी सांगतो. त्या ताटाभोवती बसलेल्यांना तो अजून यायचा आहे. मत्तयाच्या अकराव्या अध्यायाप्रमाणे तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने येऊन गेला. ग्रंथांचा क्रमही बोलका आहे. ख्रिस्ती जुना करार मलाखीवर थांबतो आणि पान उलटताच मत्तय सुरू होतो. यहुदी क्रमात शेवटी इतिहासाचे पुस्तक येते आणि कोरेश राजाच्या, जेरुसलेमला परत जा या फर्मानावर ग्रंथ संपतो. पुस्तके तीच, रोख वेगळा.

याचा अर्थ ख्रिस्ती वाचन ओढूनताणून केलेले, असा निघत नाही. मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील यहुदी पंथाने हबक्कूकाची भविष्ये आपल्याच काळाला आणि आपल्याच गुरूला लावली होती. मत्तयाची रीत त्याच घराण्यातली. यहुदी वाचनही एकसुरी नाही. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला दुःखी सेवक म्हणजे इस्राएल राष्ट्र, असे मध्ययुगीन यहुदी भाष्यकार राशी म्हणतो. योनाथानाच्या तार्गूमात, म्हणजे अरामी भाषांतरात, मात्र तो सेवक मसीहा आहे, फक्त त्याची दुःखे इतरांवर ढकललेली आहेत.

बार्सिलोनाच्या १२६३ च्या वादसभेत तर दोन्ही बाजूंना हिब्रू येत होते. ख्रिस्ती पक्षाचा पाब्लो क्रिस्तियानी जन्माने यहुदी. त्याच्यासमोर यहुदी पक्षाच्या मोशे बेन नहमान याने सवाल टाकला: मसीहा आला असेल तर युद्धे का थांबली नाहीत? उरलेले दुसऱ्या आगमनात पुरे होईल, हे ख्रिस्ती परंपरेचे उत्तर. ते पटेल किंवा पटणार नाही. पण ते व्याकरणातून येत नाही. भविष्य दोन टप्प्यांत पुरे होऊ शकते का, बोललेल्या प्रसंगापलीकडे वचनाचा अर्थ वाढू शकतो का, हे आधी ठरवावे लागते. वादी ते उघड सांगत नाहीत, तोवर हिब्रूची साक्ष दोन्ही बाजूंनी काढली जाईल आणि निकाल कुणाच्याच पदरात पडणार नाही.