खामा, सेरेत्से
(१ जुलै १९२१–१३ जुलै १९८०). बोट्स्वाना प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. बेचुआनालँड (पुढील बोट्स्वाना) या ब्रिटिश संरक्षित मुलखातील सेरोवे येथे, बामांग्वाटो जमातीच्या राजकुलात जन्म. १९२५ मध्ये पिता निवर्तल्यावर चार वर्षांच्या या बालकाकडे गादी आली आणि कारभार चुलते त्शेकेदी यांनी सांभाळला.

कायद्याच्या अध्ययनासाठी विलायतेस गेले असता त्यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये रूथ विल्यम्स या इंग्रज युवतीशी विवाह केला. चुलत्यांचा विरोध कडवा होता; तथापि कगोट्लात, म्हणजे जमातीच्या खुल्या सभेत, आरंभी प्रतिकूल असलेले लोकमत जून १९४९ मध्ये पालटले आणि प्रजेने वारसासह त्याच्या पत्नीचाही स्वीकार केला. प्रजेला मान्य झाले ते लंडनच्या सरकारला मानवले नाही. कारण वर्णभेदाची राजनीती नुकतीच अंगीकारलेल्या दक्षिण आफ्रिकेचा रोष ओढवून घेण्याची त्याची तयारी नव्हती. म्हणून, हा विवाह वगळता सेरेत्से गादीस सर्वथा योग्य आहेत असा सरकारी चौकशीचा निर्वाळा असताही तो अहवाल दडपण्यात आला, आणि १९५० मध्ये त्यांना वाटाघाटीसाठी लंडनला बोलावून घेऊन परतीची वाट बंद करण्यात आली. हा उघड विश्वासघात होता. त्यास सौम्य शब्द योजणे हा सत्याचा अपलाप ठरेल. गादीवरचा हक्क सोडल्यानंतरच, १९५६ मध्ये, सामान्य नागरिक म्हणून त्यांना स्वदेशी येता आले.

१९६२ मध्ये क्वेट मसीरे प्रभृतींसह स्थापिलेल्या त्यांच्या पक्षाने १९६५ च्या निवडणुकीत ३१ पैकी २८ जागा जिंकल्या. ३० सप्टेंबर १९६६ रोजी स्वतंत्र झालेला हा देश दुष्काळाने गांजलेला व गुरांवर जगणारा होता. त्याच्या राज्यकारभाराचे ठाणेसुद्धा १९६५ पर्यंत परमुलखात, माफेकिंग येथे होते. १९६७ मध्ये ओरापा येथे हिरे सापडले, आणि तेही बामांग्वाटोंच्याच हद्दीत. त्याच वर्षीच्या कायद्याने खनिजांवरील जमातींचे हक्क राज्याकडे वर्ग झाले, तेव्हा सर्वाधिक त्याग घडला तो स्वतः राष्ट्राध्यक्षांच्या जमातीकडून. खामांच्या कारकीर्दीतील हे सर्वश्रेष्ठ कृत्य मानावे लागेल. कारण खाणींचे उत्पन्न एका घराण्याच्या वा जमातीच्या खजिन्यात न जाता शाळा, दवाखाने व रस्ते यांच्या कामी आले, आणि अनेक आफ्रिकी राष्ट्रांत खनिजांपायी माजलेली यादवी येथे उद्भवली नाही.

त्यांच्या हयातीत निवडणुका नियमितपणे, अनेक पक्षांच्या सहभागाने झाल्या. एप्रिल १९८० मध्ये लुसाका येथे आफ्रिकेच्या दक्षिणेकडील राष्ट्रांची आर्थिक सहकार्य परिषद स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. जुलैमध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले आणि उपाध्यक्ष मसीरे राष्ट्राध्यक्ष झाले.