वेल्डिंग आणि ब्रेझिंग: फरक काय, कुठे काय वापरतात?

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत कार बनतात, फ्रिज-एसीही बनतात. कारची बॉडी आणि एसीची तांब्याची नळी, दोन्हीत सांधे असतात. पण ते जोडायची पद्धत वेगळी. आपण मात्र सरसकट 'वेल्डिंग मारलं' म्हणतो. म्हणून हा फरक मी सोपा करून सांगतो.

वेल्डिंग म्हणजे काय?

जोडायच्या दोन्ही भागांच्या कडा वितळतात आणि थंड होताना एकजीव होतात. पोलादाला त्यासाठी साधारण १५०० अंश सेल्सिअस लागतात.

• आर्क: ट्रॅक्टरची ट्रॉली, गेट. रॉड आणि लोखंड यांच्यातल्या ठिणगीची उष्णता.
• स्पॉट: कारचे पत्रे. तांब्याच्या दोन टोकांत पत्रे दाबून करंट सोडतात. रॉड लागत नाही.
• थर्मिट: रेल्वेचे रूळ. दौंड जंक्शनवर रुळांचे सांधे बघा. ॲल्युमिनियम पावडर आणि आयर्न ऑक्साइड पेटवलं की २००० अंशांच्या वर तापलेलं लोखंड सांध्यात ओततात.

ब्रेझिंग म्हणजे काय?

इथे मूळ धातू वितळतच नाही, फक्त रॉड वितळतो. तांबं १०८५ अंशांना वितळतं, तांबं-फॉस्फरसचा रॉड ७००-८०० अंशांत वाहायला लागतो. दिव्याची वात तेल ओढते तसा तो नळ्यांमधल्या फटीत ओढला जातो. फट ०.१ मिमीच्या आसपास हवी. जास्त झाली की गॅस लीक! रॉड ४५० अंशांच्या खाली वितळत असेल तर ते सोल्डरिंग, म्हणजे आपला डाख.

कधी काय निवडायचं?

• पोलाद, जड भार: वेल्डिंग.
• तांबं-तांबं, किंवा तांबं-पोलाद असे वेगळे धातू: ब्रेझिंग. पण पोलादाला फॉस्फरसचा रॉड नको, सांधा ठिसूळ होतो. चांदीचा रॉड आणि फ्लक्स वापरा.
• बिडाचा तडा: पितळी रॉडने ब्रेझिंग. वेल्डिंगने शेजारीच नवा तडा जाऊ शकतो.

हे लक्षात ठेवाच

फ्रिज दुरुस्तीला माणूस आला की आधी मागचं लेबल वाचा. 'आर-६००ए' लिहिलं असेल तर तो गॅस ज्वलनशील आहे. तो पूर्ण काढून, खिडक्या उघडून मगच नळीला ज्योत लावू द्या. केमिकलच्या रिकाम्या ड्रमला तर वेल्डिंग नकोच. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो. शिकायचंच असेल तर माझा सल्ला, व्हिडिओ बघून नको. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एका वर्षाचा आहे.