मायग्रेनची गोळी महिन्यातून किती दिवस घेतली तर चालते?

अर्धं डोकं ठणकतंय, उजेड सहन होत नाही, पोटात मळमळतंय. अशा वेळी बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. कुणीतरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातं, आधीचं रिकामं पाकीट दाखवतं आणि तीच गोळी मागतं. गोळी मिळते, तास-दोन तासांत बरं वाटतं.

मग महिन्यातून दोनदा लागणारी गोळी आठवड्यातून दोनदा लागायला लागते. एक पट्टी पर्समध्ये, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. तरीही डोकं दुखायचं थांबत नाही. 'आजार वाढलाय' असं वाटतं. पण अनेकदा ही वाढलेली डोकेदुखी गोळ्यांमुळेच आलेली असते.

मायग्रेन म्हणजे आपली जुनी 'अर्धशिशी'. तिच्यावर चांगली औषधं आहेत. ती कधी, किती आणि कुणी घ्यायची, एवढं मात्र नीट माहीत असायला हवं.

गोळ्या दोन प्रकारच्या असतात

पहिला प्रकार अ‍ॅटॅक आल्यावर घ्यायच्या गोळ्यांचा. यात पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेनसारख्या वेदनाशामक गोळ्या येतात. सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान अशा खास मायग्रेनसाठीच्या 'ट्रिप्टान' गोळ्या येतात. आणि अर्गोटामाइन असलेल्या जुन्या पद्धतीच्या गोळ्याही येतात.

दुसरा प्रकार अ‍ॅटॅक येऊच नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्यांचा. प्रोप्रानोलॉल, फ्लुनारिझिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट ही त्यातली नेहमीची नावं.

गोंधळ इथेच होतो. काहीजण रोजची गोळी फक्त डोकं दुखेल तेव्हा घेतात, तिचा काहीच उपयोग होत नाही. काहीजण अ‍ॅटॅकची गोळी 'आज मीटिंग आहे, आधीच घेऊन ठेवू' म्हणून घेतात. त्याने नुकसानच होतं.

१० आणि १५ दिवसांचं गणित

डोकेदुखीच्या गोळ्या वारंवार घेतल्या की मेंदूची वेदना जाणवण्याची यंत्रणा जास्त संवेदनशील होत जाते. गोळीचा असर संपला की पुन्हा दुखतं, पुन्हा गोळी घेतली जाते आणि चक्र सुरू राहतं. डॉक्टर याला औषधांच्या अतिवापरामुळे होणारी डोकेदुखी म्हणतात.

त्यासाठी ढोबळ मर्यादा ठरलेल्या आहेत. ट्रिप्टान, अर्गोटामाइन आणि एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेल्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १० दिवसांच्या आत ठेवायच्या. साधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी १५ दिवसांच्या आत. तीन महिन्यांहून जास्त काळ ही मर्यादा ओलांडली जात असेल आणि महिन्यातले निम्मे दिवस डोकं दुखत असेल, तर संशय गोळ्यांवर घ्यायला हवा.

इथे मोजायचे ते दिवस. एका दिवशी दोन गोळ्या घेतल्या तरी तो एकच दिवस. सोमवारी एक प्रकारची आणि गुरुवारी दुसऱ्या प्रकारची घेतली, तर ते दोन दिवस झाले. 'गोळी बदलून घेतो, म्हणून चालतं' हा गैरसमज आहे.

सगळ्यात सोपा उपाय भिंतीवरचं कॅलेंडर. जिथे दुधाचा हिशोब लिहिला जातो, तिथेच डोकं दुखलं त्या तारखेला एक खूण आणि गोळी घेतली त्या तारखेला गोल करायचा. महिन्याअखेरीस गोल मोजायचे. डॉक्टरांकडे जाताना हे पान किंवा त्याचा फोटो सोबत नेला, तर त्यांचंही काम सोपं होतं.

अतिवापर झालाच असेल तर गोळी सोडताना सुरुवातीचे काही दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखू शकतं. म्हणून हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावं.

गोळी नेमकी कधी घ्यायची?

'बघू, आपोआप थांबेल' म्हणून लोक वाट बघत राहतात. पण अ‍ॅटॅकची गोळी दुखणं हलकं असताना, सुरुवातीलाच घेतली तर चांगली लागू पडते. मायग्रेनमध्ये पोटाचं काम मंदावतं, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी नीट शोषली जात नाही. उलटी झाली तर ती बाहेरच पडते.

काहींना डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात. याला 'ऑरा' म्हणतात. ट्रिप्टान गोळी ऑरा दिसताच घ्यायची नसते, डोकं दुखायला सुरुवात झाली की घ्यायची. पहिल्या गोळीने बरं वाटून पुन्हा दुखायला लागलं, तर दुसरी किमान दोन तासांनी घेता येते. पहिलीने काहीच फरक पडला नसेल, तर त्याच अ‍ॅटॅकमध्ये दुसरी ट्रिप्टान घेऊन सहसा उपयोग होत नाही.

पॅरासिटामॉल घेताना एक हिशोब ठेवायचा. निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. यकृताचा त्रास असेल किंवा दारूचं प्रमाण जास्त असेल तर मर्यादा याहून कमी. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते याच हिशोबात धरायचं.

ट्रिप्टान कुणी घेऊ नये?

ट्रिप्टान गोळ्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात. त्यामुळे हार्ट अ‍ॅटॅक, अँजायना किंवा स्ट्रोक होऊन गेलेल्यांनी आणि बीपी नियंत्रणात नसलेल्यांनी त्या घेऊ नयेत. गोळीनंतर छातीत किंवा गळ्यात आवळल्यासारखं काहींना वाटतं. बहुतेक वेळा ते थोड्या वेळात जातं, पण छातीत दुखलं तर लगेच डॉक्टरांना गाठावं.

डिप्रेशन किंवा चिंतेसाठी गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगायचं. प्रोप्रानोलॉल चालू असेल तर रिझाट्रिप्टानचा डोस कमी ठेवावा लागतो.

पट्टीच्या मागे 'अर्गोटामाइन' लिहिलंय का?

राय या धान्याच्या कणसांवर अर्गट नावाची बुरशी येते. मध्ययुगीन युरोपात या बुरशीचं धान्य खाऊन लोकांच्या हातापायांचा रक्तपुरवठा बंद व्हायचा, बोटं काळी पडून गळायची. याच बुरशीतून १९१८ मध्ये अर्गोटामाइन वेगळं करण्यात आलं आणि पुढे ते मायग्रेनचं औषध बनलं.

आपल्याकडे हे औषध आजही वापरात आहे. वासोग्रेन या ओळखीच्या गोळीत अर्गोटामाइन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटी थांबवणारं प्रोक्लोरपेराझिन अशी चार औषधं एकत्र असतात. गोळी गुणकारी असू शकते, पण ती क्रोसिनसारखी साधी गोळी नाही.

मोठा धोका दुसऱ्या औषधांसोबत घेण्याचा आहे. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घशाच्या किंवा पोटातल्या संसर्गासाठी देतात. इट्राकोनाझोल हे नायट्यासाठी सर्रास दिलं जाणारं औषध. ही औषधं चालू असताना अर्गोटामाइन शरीरात साठत जातं आणि हातापायांचा रक्तपुरवठा धोक्यात येऊ शकतो. त्वचेच्या डॉक्टरांना मायग्रेनची गोळी माहीत नसते आणि मायग्रेनच्या डॉक्टरांना नायट्याची. सांगायचं काम पेशंटचंच असतं.

अर्गोटामाइन आणि ट्रिप्टान एकाच दिवशी घेऊ नयेत. दोघांत किमान २४ तासांचं अंतर हवं. अर्गोटामाइन घेतल्यावर बोटं गार पडली, बधिर झाली किंवा पांढरी-निळी दिसू लागली तर लगेच हॉस्पिटल गाठायचं.

रोजच्या गोळ्यांचं काय?

महिन्यातून चार किंवा जास्त दिवस मायग्रेनमुळे कामं अडत असतील, तर रोजच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलावं. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते तीन महिने लागू शकतात. आठवड्याभरात 'फरक नाही' म्हणून सोडल्या तर कळणारच नाही.

दमा असलेल्यांनी प्रोप्रानोलॉल घेऊ नये, आणि ते कुणीही अचानक बंद करू नये. फ्लुनारिझिनने झोप येते, वजन वाढतं, काहींना उदास वाटतं आणि वयस्कर लोकांत हात थरथरू शकतात. आपल्याकडे ही दोन औषधं एकाच कॅप्सूलमध्येही मिळतात, म्हणून दमा असलेल्यांनी पट्टीवरचे घटक वाचायलाच हवेत. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात, बोलताना शब्द पटकन आठवत नाहीत आणि मुतखड्याची शक्यता वाढते. ते चालू असताना पाणी भरपूर प्यावं.

महिलांसाठी दोन महत्त्वाच्या गोष्टी

ऑरा असलेली मायग्रेन असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी स्ट्रोकचा धोका वाढतो. गायनॅकॉलॉजिस्टना ऑराबद्दल आवर्जून सांगावं, दुसरे पर्याय असतात.

गरोदरपणात अर्गोटामाइन, टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएट टाळले जातात. त्यामुळे बाळाचा विचार असेल तर आधीच बोलणं बरं, कारण गरोदर असल्याचं कळेपर्यंत काही आठवडे निघून गेलेले असतात. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही विचारल्याशिवाय घेऊ नयेत. साध्या पॅरासिटामॉलचा पर्याय सहसा पहिला असतो.

गोळी न शोधता हॉस्पिटल कधी गाठायचं?

- क्षणात सुरू होऊन मिनिटभरात असह्य झालेली डोकेदुखी
- डोकेदुखीसोबत ताप आणि मान आखडणं
- हात-पाय लुळे पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं
- डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी
- वयाच्या पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी
- गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने आलेली तीव्र डोकेदुखी

यातली शुद्ध हरपणं, लुळेपणा, एकदम उठलेली तीव्र कळ अशी लक्षणं असतील तर थेट १०८ ला फोन करावा.

पट्टी दुसऱ्याला देण्याआधी

'मला याने बरं वाटलं, तूही घे' हे प्रेमापोटीच होतं. पण समोरच्याला दमा आहे का, बीपी आहे का, नायट्याचं औषध चालू आहे का, हे आपल्याला माहीत नसतं. पट्टीवर 'आरएक्स' ही खूण असते ती म्हणूनच. मदत करायचीच असेल तर अंधाऱ्या खोलीत पडायला जागा द्यावी, पाणी द्यावं आणि डॉक्टरांकडे सोबत जावं.

(ही सर्वसाधारण माहिती आहे. कुठलंही औषध सुरू करण्याआधी, बदलण्याआधी किंवा बंद करण्याआधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)