कर्काचे पाय, शिरांची वाट

'कर्करोग' हा शब्द आपण इतक्या सरावाने वापरतो, की त्यातला खेकडा आता आपल्याला दिसेनासा झाला आहे. ग्रीक वैद्यांनी या रोगाला खेकड्याचे नाव दिले. पुढे गेलनने त्याचा खुलासा केला तो असा, की गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या पसरलेल्या दिसतात. संस्कृतातला 'कर्क' घेऊन मराठीनेही तेच रूपक पत्करले. सुसान सोन्टॅग यांनी १९७८ साली 'इलनेस अ‍ॅज मेटाफर' या पुस्तकात रोगांना रूपकांच्या ओझ्यातून सोडवण्याचा आग्रह धरला. तो आम्हाला तत्त्वतः मान्य आहे. मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र रूपक आणि वस्तुस्थिती यांच्यातले अंतर फारच कमी उरते. हा रोग खरोखरच शिरेच्या आतून चालत जातो, आणि कधीकधी थेट हृदयापर्यंत पोहोचतो. त्याच्यावरील शल्यक्रियेचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी वाचावा असे आम्हाला वाटते, कारण शब्द आणि हात यांचे नाते त्यात स्पष्ट दिसते.

या इतिहासाचा आरंभ कर्करोगापासून होत नाही. १८६१ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे इरॅस्टस वोलकॉट यांनी यकृताची गाठ समजून पोट उघडले आणि प्रत्यक्षात मूत्रपिंड काढले. रुग्ण पंधरा दिवसांनी दगावला. विचारपूर्वक, ठरवून केलेली पहिली शल्यक्रिया २ ऑगस्ट १८६९ रोजी हायडेलबर्ग येथे गुस्ताव्ह सिमोन यांनी केली. मार्गारेथा क्लेब या स्त्रीची मूत्रवाहिनी आधीच्या एका शल्यक्रियेत दुखावली होती आणि मूत्र सतत पाझरत होते. एका मूत्रपिंडावर माणूस जगेल काय, हा खरा प्रश्न होता. सिमोन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून त्याचे उत्तर शोधले. मार्गारेथा जगली. 'पहिला शल्यविशारद' म्हणून सिमोन यांचे नाव ग्रंथांत आले. पण उत्तर खरे ठरले ते तिच्या देहात, हेही नोंदवले पाहिजे.

१८८३ साली पाउल ग्राविट्झ यांनी असा सिद्धांत मांडला, की मूत्रपिंडातील या गाठी तिथे अडकून राहिलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या पेशींतून उद्भवतात. त्यातून 'हायपरनेफ्रोमा' हे नाव रूढ झाले. सिद्धांत चुकीचा होता. गाठींचा उगम मूत्रपिंडाच्याच सूक्ष्म नलिकांत आहे, हे १९६०च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले. नाव मात्र त्यानंतरही बराच काळ टिकले. सिद्धांत कोसळल्यावरही परिभाषा उभी राहते, हा अनुभव समीक्षेच्या वाचकांना नवा नाही.

आता शिरांच्या वाटेकडे वळू. मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या सुमारे ४ ते १० टक्के रुग्णांत गाठीचा अंकुर मूत्रपिंडाच्या शिरेतून शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणाऱ्या महाशिरेत शिरतो. १९१३ साली न्यूयॉर्कचे ए. ए. बर्ग यांनी महाशीर उघडून असा अंकुर काढण्याची पद्धत वर्णन केली. यातला धोका दुहेरी असतो. भिंत फाटली तर रक्तस्राव आवरत नाही. अंकुराचा तुकडा सुटला तर तो हृदयातून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो, आणि रुग्ण शल्यक्रियेच्या टेबलावरच दगावू शकतो.

इथे इतिहासाचे दोन धागे एकमेकांत गुंततात. १९३०-३१च्या सुमारास बॉस्टन येथे तरुण जॉन गिबन यांनी फुप्फुसात गुठळी अडकलेल्या एका स्त्रीच्या उशाशी रात्र काढली. एडवर्ड चर्चिल यांनी अखेर शल्यक्रिया केली, पण ती वाचली नाही. हृदय व फुप्फुसाचे काम काही काळ यंत्राने केले तर, हा विचार गिबन यांना त्या रात्री सुचला, आणि ६ मे १९५३ रोजी तो फिलाडेल्फियात यशस्वी झाला. त्याच चर्चिल यांनी १९३३ साली, मूत्रपिंडाचा कर्करोग फुप्फुसात पसरलेल्या एका रुग्णाच्या फुप्फुसाचा रोगग्रस्त भाग काढला. तो रुग्ण पुढे २३ वर्षे जगला आणि हृदयविकाराने वारला. पसरलेला कर्करोग म्हणजे शेवट, या समजुतीला त्या एका आयुष्याने तडा दिला.

१९६०च्या दशकात टोरँटोचे चार्ल्स रॉबसन यांनी 'मूलगामी' शल्यक्रियेला शास्त्रशुद्ध रूप दिले. आधी रक्तवाहिन्या बांधायच्या. मग भोवतालची चरबी, आवरण, अधिवृक्क ग्रंथी आणि लसिकाग्रंथी यांसह मूत्रपिंड अखंड काढायचे. त्यासाठी छाती आणि पोट एकाच छेदाने उघडले जाई. मूत्रपिंडाचा वरचा भाग शेवटच्या बरगड्यांआड, फुप्फुसाच्या आवरणालगत असल्यामुळे छातीतील गुंतागुंत या शल्यक्रियेची जुनी सोबतीण आहे. १९८४ साली बाल्टिमोर येथे मार्शल, राइट्झ व त्यांच्या सहकाऱ्याने हृदयाच्या कप्प्यात शिरलेला अंकुर काढण्याची नवी रीत प्रसिद्ध केली. तिच्यात गिबन यांच्या यंत्राच्या वंशजाने शरीर खोलवर थंड करतात, रक्ताभिसरण थोडा वेळ पूर्ण थांबवतात आणि रक्तहीन झालेल्या हृदयातून व शिरेतून अंकुर बाहेर घेतात. एका स्त्रीच्या मृत्यूतून सुचलेले यंत्र असे अर्धशतकाने वेगळ्याच रोगाच्या कामी आले.

'मूलगामी' हा आमच्या समीक्षेतला गौरवाचा शब्द. शल्यशास्त्राने मात्र तो पुढे तपासून पाहिला. सिमोन यांच्यानंतर हायडेलबर्गला आलेल्या व्हिन्सेन्झ चेर्नी यांनी १८८७ सालीच कर्करोगासाठी मूत्रपिंडाचा केवळ एक भाग काढला होता. तो प्रयत्न दीर्घकाळ अपवादच राहिला. आज ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी, शक्य असेल तिथे, उरलेले मूत्रपिंड वाचवणे हेच श्रेयस्कर मानतात. १९९० साली राल्फ क्लेमन यांनी दुर्बिणीच्या साह्याने मूत्रपिंड काढले आणि छेदही लहान झाला. शिरेत शिरलेल्या रोगासाठी मात्र मोठी शल्यक्रिया अजूनही अटळ आहे.

किती काढावे, हा प्रश्न या इतिहासात सतत आहेच. किती राखावे, हा प्रश्न त्याच्याइतकाच जुना असून ऐकला गेला तो उशिरा. एखाद्या कृतीचे, परंपरेचे वा लेखकाचे 'मूलगामी' परीक्षण करण्याची भाषा वर्गात वापरताना हा दुसरा प्रश्नही विद्यार्थ्यांसमोर ठेवावा, असे आम्हाला वाटते.