गांवकऱ्यांची खोली आणि गिरणी कामगाराचें घर

मालवणच्या बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती दूर खोल पाण्यांत उभी राही आणि उतारूंना पडावांतून तिच्यापर्यंत जावें लागे. गिरणींत काम धरण्यास निघालेल्या तरुणाजवळ एक वळकटी, एक पेटी आणि मुंबईंतील एका चाळीचा पत्ता एवढेंच असे. तो पत्ता कोणा आप्ताच्या बिऱ्हाडाचा असेलच असें नाहीं. पुष्कळदां तो गांवकऱ्यांच्या खोलीचा असे. गरिबाला निवारा कोणीं व कोणत्या हक्कानें वांटून द्यावा, या प्रश्नाचा मालवणी माणसापुरता इतिहास पाहूं गेल्यास त्याचा आरंभ या खोलीपासूनच करावा लागतो.

सरकारनें या कामीं लक्ष घातलें तें दयेपेक्षां भीतीनें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, दाट वस्तीकडे राज्यकर्त्यांची दृष्टि वळली आणि १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आला. त्यानें रस्ते रुंद केले, कोंदट वस्त्या पाडल्या, कांहीं चाळीही बांधल्या. १९३३ सालीं तो महानगरपालिकेंत विलीन झाला. मध्यंतरीं, १९२० सालीं, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत डेव्हलपमेंट खातें निघालें. कापसाच्या गांठीमागें एक रुपया कर बसवून पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सुटला. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येकींत ८० खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. भाडें अधिक व गिरण्या लांब, म्हणून आरंभीं कित्येक खोल्या रिकाम्याच पडून होत्या. सविनय कायदेभंगाच्या काळांत वरळीच्या चाळींत सत्याग्रही कैदी ठेवण्यांत आले, ही गोष्ट येथें सहज सांगण्यासारखी आहे.

सरकारचें वाटप खोलीच्या दारापाशीं संपे. तेथून पुढील वाटप गांवाकडे असे. भाडेपावती एकाच्या नांवाची, पण आंत राहणारे दहा-वीस, कधीं त्याहूनही अधिक. गांवचें मंडळ वर्गणी ठरवी आणि कोणाला जागा द्यावयाची हें मंडळाच्या बैठकींत ठरे. जागा म्हणजे भिंतीवरील एक खुंटी, फळीवर पेटी मावेल एवढा कोपरा आणि रात्रीं वळकटी पसरण्यापुरती जमीन. दिवसपाळीचे कामावर गेले कीं रातपाळीचे त्यांच्या जागीं आडवे होत, जेवण खाणावळींत. बाप थकून गांवीं परतला म्हणजे त्याची जागा मुलाकडे येई. मुलगा नसला तर पुतण्याचा किंवा भाच्याचा विचार होई. कित्येक जण गांवीं राहूनही वर्गणी भरीत, कारण खोलींतील हक्क तुटूं नये. या व्यवस्थेंत कागद थोडा आणि ओळख फार. म्हणून ती निर्दोष होती असें मात्र कोणीं समजूं नये. बायकामुलांना तींत स्थान नव्हतें. त्यांचा संसार मालवणाकडे मनीऑर्डरीवर चाले. गांवांतील उच्चनीचपणाही आगबोटींत बसून मुंबईंत येई. गांवच्या देवळांत ज्याला प्रवेश नसे, त्याला गांवाच्या खोलींत खुंटी मिळणें कठीणच होतें.

१ मे १९८१ रोजीं रत्नागिरीचा दक्षिण भाग वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला व मालवण त्यांत आलें. पुढें साडेआठ महिन्यांनीं, १८ जानेवारी १९८२ पासून, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप फसला, गिरण्या एकामागून एक थंडावल्या, पुष्कळांनीं गांवची वाट धरली. आणि ज्या जमिनीवर त्यांनीं घाम गाळला तिला मात्र सोन्याचा भाव आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींतील ५८ व्या नियमानें त्या जमिनीचे तीन वांटे ठरविले: एक महानगरपालिकेकडे मैदानें-बागांसाठीं, एक म्हाडाकडे घरांसाठीं, एक मालकाकडे. २००१ सालीं हा नियम बदलून केवळ मोकळ्या जमिनीचेच वांटे करावे असें ठरलें. गिरण्यांच्या आवारांत मोकळी जमीन ती कितीशी असणार! उच्च न्यायालयानें या बदलाविरुद्ध दिलेला निकाल मार्च २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें फिरविला, आणि पालिका व म्हाडा या दोघांचाही वांटा आंखडला.

जें उरलें त्यावर कामगाराचा हक्क सांगण्याचें काम संघटनांनीं केलें. त्यांत गिरणी कामगार संघर्ष समितीचे दत्ता इस्वलकर अग्रभागीं होते. पण कामगार कोणास म्हणावें? १ जानेवारी १९८२ रोजीं किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता तो, अथवा त्याचा वारस, असें ठरलें. येथें गांवच्या खोलीच्या वहीचा उपयोग नव्हता. तिकीट, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, विम्याचें कार्ड, असे कागद हवे होते. ज्यानें ते पावसाच्या गळतींत गमावले, किंवा ज्याचें आयुष्य बदली कामगार म्हणूनच गेलें, त्याला स्वतःची नोकरी सिद्ध करतां करतां नाकीं नऊ आले.

अर्ज पावणेदोन लाखांच्या घरांत गेले. २०१२ सालच्या जून महिन्यांत म्हाडानें काढलेल्या सोडतींत सुमारें सात हजार घरें होतीं. प्रत्येक २२५ चौरस फुटांचें, किंमत साडेसात लाख रुपये. १ मार्च २०२० च्या सोडतींत ३,८९४ घरें निघालीं. गांवच्या मंडळानें निदान आधीं कोण आला, कोणाची अडचण मोठी, हें विचारलें असतें. सोडत तें विचारीत नाहीं. एकाच खोलींत शेजारीं वळकटी पसरणाऱ्या दोघांपैकीं एकाचें नांव निघे, दुसऱ्याचें राही. शिवाय ज्याचें निघालें त्यालाही पैसा उभा करावयाचा होता, आणि कित्येकांच्या बाबतींत अर्जावर सही करणारा हात किल्ली घेण्यास उरला नव्हता. ती घेण्यास विधवा किंवा मुलगा मालवणाहून मुंबईस गेला.