फटफटीच्या नळीतली परतीची लाट

१/ मोटरसायकलला मराठी माणसाने नाव दिले ते तिच्या आवाजावरून: फटफटी. चाके, टाकी, इंजिन यांपैकी कशाचाही त्या नावात उल्लेख नाही. आहे तो सायलेन्सरच्या तोंडातून निघणारा ध्वनी. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या गॅरेजांत जुन्या गाड्यांचे सायलेन्सर आजही हाताने घडवले जातात, आणि त्याच सायलेन्सरवर वाहतूक पोलिसांची नजरही असते. या नळीचा इतिहास आज पाहू. #थ्रेड

२/ उदाहरणादाखल यामाहा आरएक्स १०० घेऊ. एस्कॉर्ट्स कंपनीने ती १९८५ मध्ये भारतात आणली. इंजिन अवघे ९८ सीसी, ताकद ११ अश्वशक्ती. १९९६ मध्ये उत्पादन थांबले. एमएच-०४ आणि एमएच-०५ च्या पाट्या लावलेल्या या गाड्या मात्र अजून धावतात. मूळ सायलेन्सर गंजून गेला की मालकापुढे दोनच वाटा उरतात: बाजारातली नक्कल घ्यायची किंवा नवा बनवून घ्यायचा.

३/ बनवणे अवघड का, हे समजण्यासाठी टू-स्ट्रोक इंजिनाची अडचण जाणून घ्यायला हवी. यात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतली भोके पिस्टनच वर-खाली होताना उघडतो आणि झाकतो. ताजे पेट्रोल-मिश्रण आत येत असते, तेव्हा धूर बाहेर जाण्याचे भोकही उघडेच असते. परिणामी काही मिश्रण न जळताच निसटते. ताकद वाया जाते आणि हवाही दूषित होते.

४/ यावरचा उपाय नळीच्या आकारात सापडला. भोक उघडताच दाबाची एक लाट ध्वनीच्या वेगाने नळीतून धावते. नळी जिथे रुंदावते तिथून शोषण करणारी लाट परत येते आणि उरलेला धूर ओढून घेते. पुढे नळी पुन्हा निमुळती होते. तिथून दाबाची लाट उलट फिरते आणि भोक झाकले जाण्याच्या क्षणी निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. कोणताही हलता भाग न वापरता नळी झडपेचे काम करते.

५/ ही युक्ती एकट्याची नव्हे. जर्मनीत आधीही तिचे प्रयोग झाले होते. तिला शास्त्राचे रूप दिले ते पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊ येथील एमझेड कारखान्याचे अभियंते वाल्टर काडेन यांनी. साधने तुटपुंजी, पैसा कमी. तरीही १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती गाठली. म्हणजे दर लिटरला २००. आपल्या आरएक्स १०० चा हाच हिशेब ११२ च्या आसपास येतो, आणि तीही तिच्या काळातली वेगवान गाडी होती.

६/ १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनची भिंत उभी राहू लागली. पुढच्याच महिन्यात एमझेडचा अव्वल स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळून गेला. त्याच्या कुटुंबाला मोटारीच्या डिकीत लपवून सीमेपार काढण्यात आले. डेग्नर सुझुकीकडे गेला आणि काडेन यांची विद्याही त्याच्यासोबत गेली. १९६२ मध्ये ५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद त्याने सुझुकीला मिळवून दिले. सुझुकाच्या शर्यतमार्गावरचे एक वळण आजही त्याच्या नावाने ओळखले जाते.

७/ पुढच्या दोन दशकांत जपानी कंपन्यांनी टू-स्ट्रोक घरोघरी पोहोचवली. भारतात हे तंत्र परवान्यांच्या मार्गाने आले. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० ‘राजदूत’ नावाने आणली, त्यानंतर आरएक्स १०० आली. शीतयुद्धाच्या काळात सीमा ओलांडून गेलेली नळी अशा रीतीने कल्याणच्या पत्रीपुलापर्यंत पोहोचली.

८/ ती इथे रुजली, कारण जमीन आधीच तयार होती. ठाण्याच्या उंबरठ्यावरच्या भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाचा लॅम्ब्रेटा स्कूटरचा कारखाना होता, आणि लॅम्ब्रेटाही टू-स्ट्रोकच. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट आकाराला आली. पुढे डोंबिवलीची एमआयडीसी उभी राहिली. अंबरनाथला आयुधनिर्माणी होतीच. १९९० च्या दशकात प्रीमियरच्या कल्याण-डोंबिवलीतल्या कारखान्यात पेजो ३०९ मोटारी तयार होत होत्या.

९/ या पट्ट्याने फिटर, टर्नर आणि वेल्डर यांच्या पिढ्या घडवल्या. मोठे कारखाने एकेक करून थंडावले, तरी हातातली विद्या थंडावत नाही. माझ्या वाचनानुसार आजच्या गॅरेजची मुळे याच कारखानदारीत आहेत. कामगार चळवळीचा इतिहास आपण लिहितो. कामगाराच्या कौशल्याचा इतिहास मात्र बहुतेक अलिखितच राहतो.

१०/ आता प्रत्यक्ष घडण. पहिला प्रश्न लांबीचा. समजा, धुराचे भोक १८० अंश उघडे राहते, गरम धुरात लाटेचा वेग सेकंदाला ५०० मीटर आहे आणि इंजिनाने मिनिटाला ७,५०० फेऱ्यांवर जोर धरावा अशी इच्छा आहे. १८० ला ५०० ने गुणायचे आणि ७,५०० च्या १२ पटीने भागायचे. उत्तर येते १ मीटर. पिस्टनपासून निमुळत्या शंकूच्या मध्यापर्यंतचे हे अंतर. फेऱ्या वाढवायच्या असतील तर नळी आखूड करावी लागते.

११/ दुसरा प्रश्न शंकूचा. सपाट पत्र्यातून तो कसा काढायचा? एका तोंडाचा व्यास ४० मिलिमीटर, दुसऱ्याचा ८०, तिरकी उंची २०० असेल, तर ४०० आणि २०० मिलिमीटर त्रिज्येचे दोन कंस एकाच केंद्रावरून काढायचे आणि त्यांतला ३६ अंशांचा तुकडा कापायचा. आधी पुठ्ठ्यावर, मग पत्र्यावर. शाळेतली भूमिती इथे कामाला येते.

१२/ पत्रा साधारण १ मिलिमीटर जाडीचा. तो जाड पाइपवर हळूहळू वळवतात, जागोजागी टाके मारतात आणि मग सलग वेल्डिंग करतात. इंजिन आणि फूटरेस्ट चुकवण्यासाठी नळीला वळण द्यावे लागते. त्यासाठी शंकूचे तिरके काप करून प्रत्येक काप थोडा फिरवून पुन्हा जोडतात. आतल्या बाजूला वेल्डिंगचा गोळा राहिला तर धुराच्या वाटेत अडथळा येतो. म्हणून कारागिराची कसोटी बाहेरच्या चकाकीपेक्षा आतल्या गुळगुळीतपणात असते.

१३/ आता एका लोकप्रिय समजाविषयी. ‘बॅफल काढला की गाडी पळते.’ आवाज वाढतो हे खरे. परंतु टू-स्ट्रोकची ताकद परतणाऱ्या लाटेत असते आणि शेवटच्या बारीक नळीने राखलेल्या दाबात असते. ती नळी फार रुंद झाली तर दाब सुटतो, फार अरुंद झाली तर पिस्टन तापतो. नळी बदलल्यावर कार्बोरेटरचे जेटही पुन्हा जुळवावे लागते. प्लग पांढरा पडला तर मिश्रण कमी पडते आहे, काळा पडला तर जास्त होते आहे. तपकिरी रंग उत्तम.

१४/ कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ तपशिलात बदल करण्यावर निर्बंध घालते. कलम १९० अन्वये ध्वनी व वायुप्रदूषणाच्या उल्लंघनासाठीचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने १०,००० रुपयांपर्यंत गेला. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले गेले आहेत.

१५/ त्या कारवाईला माझा विरोध नाही. रात्री दोन वाजता चाळीतल्या आजारी माणसाची झोप मोडणाऱ्या आवाजाला वारसा म्हणता येत नाही. पण नियम १२० चे इंग्रजी शब्द वाचले की एक गंमत दिसते. आवाज कमी करण्याचे साधन म्हणून तिथे ‘एक्सपान्शन चेंबर’चा नावानिशी उल्लेख आहे. काडेन यांनी ताकदीसाठी घडवलेल्या नळीलाही जगभर हेच नाव आहे. एकाच शब्दात शांतता आणि वेग दोन्ही नांदतात.

१६/ आणखी एक तारीख ध्यानात ठेवावी. २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. अट अशी: वाहन ५० वर्षांहून जुने आणि मूळ रूपात जपलेले असावे. १९८५ च्या आरएक्स १०० ला २०३५ मध्ये ५० वर्षे पूर्ण होतील. तोपर्यंत मूळ सायलेन्सर असलेल्या किती गाड्या उरतील, हे आजच्या मालकांच्या हातात आहे.

१७/ म्हणून विनंती. नवा सायलेन्सर बनवून घ्या, पण तो शांत असू द्या. जुना, गंजका भंगारात देऊ नका. देण्याची वेळ आलीच तर आधी त्याची लांबी, दोन्ही तोंडांचे व्यास आणि वळणांचे कोन वहीत उतरवून ठेवा. ज्या हातांनी नवा घडवला त्या कारागिराला ही विद्या कुणाकडून मिळाली, तेही विचारा आणि लिहून ठेवा.

१८/ ताम्रपट वितळवला तर त्यावरचा लेख कायमचा जातो. कारखान्यातून आलेल्या सायलेन्सरच्या पोटातही एक लेख असतो. तो मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो, इतकेच. घरात जुनी फटफटी असेल तर तिचे साल आणि मॉडेल खाली नोंदवा. ठाणे ते कल्याण अशी एक यादी आपणच तयार करू.