भिवंडीच्या पेढ्या आणि पुसलेल्या फायली

भिवंडीतील यंत्रमाग धंद्याचा हिशेब कित्येक दशके रोजमेळ आणि खतावणीत मांडला जाई. आलेले सूत, साइझिंगला गेलेली बीमे, विणून निघालेले कोरे कापड, कामगारांची मजुरी, सगळे वहीत. वहीला वाळवी लागे, पावसात ती भिजे, क्वचित सोयीने गहाळही होई. पण एक कळ चुकीची दाबली आणि वर्षाचा हिशेब गेला, हा प्रकार संगणकासोबत आला.

१९८६ साली बंगळूरला सुरू झालेल्या प्युट्रॉनिक्स कंपनीचा हिशेबाचा प्रोग्रॅम पुढे ‘टॅली’ या नावाने देशभरच्या पेढ्यांत शिरला. त्याची सुरुवातीची रूपे डॉस प्रणालीवर चालत. डॉसमध्ये फाइल पुसण्याची आज्ञा दिली की मजकुराला हातही लागत नसे. यादीतील नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक ठरावीक खूण बसे आणि फाइलने व्यापलेली जागा मोकळी म्हणून नोंदली जाई. खतावणीच्या अनुक्रमणिकेतील नाव खोडावे आणि खात्याची पाने तशीच राहावीत, असा हा कारभार. पीटर नॉर्टन या अमेरिकी प्रोग्रॅमरने १९८२ मध्ये याच ढिलाईचा फायदा घेऊन ‘अनइरेज’ बाजारात आणले. १९९१ च्या डॉस ५ मध्ये ‘अनडिलीट’ ही आज्ञाच मिळू लागली. ती वापरणाऱ्याला नावाचे पहिले अक्षर विचारी, कारण नावातले हरवलेले असे ते एवढेच एक अक्षर.

हिशेबाच्या फायलींबाबत मात्र हा उपाय अपुरा पडे. पुसताना फाइलचे तुकडे कोणत्या क्रमाने जोडायचे याची साखळीही कोरी होई, आणि ‘अनडिलीट’ सगळे तुकडे सलग असल्याचे धरून चाले. एकदाच लिहिलेले पत्र सलग असे. रोज थोडी थोडी वाढणारी खतावणी तबकडीभर विखुरलेली असे. त्यातच टॅलीत प्रत्येक कंपनीचा आकडी नावाचा फोल्डर असतो आणि मुख्य फायलींपैकी एक जरी बिघडली तरी कंपनी उघडत नाही. पत्र परत मिळे, हिशेब अर्धामुर्धा. २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर फायली साठवण्याची एनटीएफएस ही मांडणी साध्या कार्यालयांतही रुळली. तिच्यात पुसलेल्या फाइलचे तुकडे कुठे होते याची नोंद बराच काळ शिल्लक राहते, त्यामुळे फाइल परत मिळवणे सोपे झाले. १९९५ पासून रिसायकल बिन होताच. पण शिफ्ट दाबून पुसलेले, पेन ड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकावरून पुसलेले त्यात जात नाही. फायली गमावण्याच्या या तीन वाटा पेढीत नेहमीच्याच.

भिवंडीत मात्र बोटापेक्षा विजेचा धोका मोठा होता. शहरातील वीजगळती ५८ टक्क्यांच्या घरात गेली होती, रोहित्रे जळत आणि भारनियमन रोजचे होते. २६ जानेवारी २००७ रोजी महावितरणने वितरणाचे काम टोरंट पॉवरकडे सोपवले. देशातील वीज वितरणाची ही पहिली फ्रँचायझी. वीज मध्येच गेली तर लिहिली जात असलेली नोंद अर्धवट राहते. टॅलीत कंट्रोल, आल्ट आणि आर या कळा एकदम दाबून डेटा पुन्हा लिहून घेण्याची सोय आहे ती अशाच बिघाडांसाठी. आधी प्रत न काढता तो प्रयोग केला तर मात्र उरलासुरला पुरावाही जातो.

२६ जुलै २००५ च्या पुरात भिवंडीही बुडाली. पाण्यात गेलेली डिस्क वाळवून चालू करून पाहावी असे कोणालाही वाटते, आणि नेमके तेच करायचे नसते. तबकडीवर गाळ सुकला की वाचणारे हेड त्यावर घासून चुंबकीय थर खरवडते. हेड आणि तबकडी यांतील अंतर इतके सूक्ष्म असते की धुळीचा कणही पुरतो. मागांच्या शहरात, जिथे कापसाची तूस हवेत कायम तरंगते, तिथे डिस्क टेबलावर उघडणे म्हणजे तिची अखेरच. ते काम धूळमुक्त खोलीतच होते. भारतात स्टेलर ही कंपनी १९९३ पासून डेटा परत मिळवण्याच्या धंद्यात आहे. मुंबईत संगणकाचे सुटे भाग आणि दुरुस्ती म्हटले की लॅमिंग्टन रोडचे नाव निघे. जुन्या डिस्कच्या जळालेल्या सर्किटच्या जागी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कवरचे सर्किट काढून बसवता येई. नव्या पिढीच्या डिस्कमध्ये मात्र तिच्यापुरती माहिती साठवलेली चिपही हलवावी लागते.

फाइल परत मिळण्याची आशा अलीकडे उलट कमी झाली आहे. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट केल्यास साऱ्या जागेवर शून्ये लिहिली जातात. २००९ च्या विंडोज ७ पासून एसएसडीला, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कला, ‘ट्रिम’ आज्ञा जाऊ लागली. तिने पुसलेली जागा आतून खरोखर रिकामी होते, तीही बहुधा काही मिनिटांत. चुंबकीय तबकडीची ढिलाईच माणसाच्या उपयोगी पडत होती, ती या साधनात नाही.

दरम्यान हिशेबाची दुसरी प्रत भिवंडीबाहेर तयार होऊ लागली. कापडावर पूर्वी राज्याचा विक्रीकर नव्हता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, कापडावर ५ टक्के कर बसला आणि बिलांची माहिती सरकारी पोर्टलवर जाऊ लागली. १ एप्रिल २०१८ पासून ५० हजार रुपयांवरील मालाच्या आंतरराज्य वाहतुकीला ई-वे बिल लागते, त्यामुळे गोदामांतून निघणाऱ्या गाड्यांचीही नोंद उरते. विक्री त्यावरून बरीचशी पुन्हा उभी करता येते. मजुरी आणि रोखीचा व्यवहार नाही. कंपन्यांना २०२२ च्या नियमांनुसार हिशेबाची रोजची प्रत भारतातील सर्व्हरवर ठेवणे आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराचा माग राखणारा प्रोग्रॅम वापरणे बंधनकारक आहे. मालकीच्या आणि भागीदारीच्या पेढ्यांना हे नियम लागू नाहीत, आणि भिवंडीतील मागमालक बहुतांशी त्याच वर्गात मोडतात.